भीमराजच्या अर्थिंगचं पाणी

भीमराजबद्दल आर्णीत कुणालाही विचारा, चांगलंच सांगेल. मीही सांगेन. फक्त सांगताना माझ्या पोटात दुखतं, हे आधीच कबूल करून टाकतो.

यवतमाळ रोडला आमची दुकानं समोरासमोर आहेत. माझं दुचाकीचं गॅरेज, त्याचं मोटर वाइंडिंगचं. मधे रस्ता तेवढा. कोकिळाशी, म्हणजे माझ्या बायकोशी, लग्न व्हायच्या आधीपासून मी रोज सकाळी शटर उघडतो आणि समोर याचं तोंड पाहतो.

त्याचा बाप आमच्या शेतावर सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी, होता. शाळेत मात्र मी आणि भीमराज एका वर्गात, एका बाकावर. तरी तो मला ‘बबनराव’ म्हणतो, ‘तुमी’ म्हणतो, आणि मी त्याला ‘अरे भीमराज’. हे कुणी ठरवलं नव्हतं, बापांच्या काळापासून चालत आलं होतं. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. वाटणार कसं, मी वरच्या बाजूला होतो ना! पण आमच्या सालदाराचं पोरगं माझ्याच समोर दुकान टाकतं आणि ते माझ्यापेक्षा जास्त चालतं, हे मात्र मला पहिल्या दिवसापासून खुपलं.

दहावी झाल्यावर तो यवतमाळला एका वाइंडिंगवाल्याकडे जाऊन राहिला. तांब्याची तार मोजून भरायची, एखादा वेढा चुकला की मोटर तापते, असलं डोळेफोडीचं काम. वेढे मोजताना भीमराज कुणाशी बोलत नसे. एकदा तहसीलदार येऊन उभे राहिले, तर यानं हात वर करून त्यांनाही थांबवलं. आमच्याकडे शेतीची वीज कधी दिवसा येते, कधी रात्री, आणि येते ती अर्ध्या जिवाची. त्यामुळे विहिरीवरच्या मोटरी जळायच्या आणि लोक त्या ऑटोत घालून त्याच्याकडे आणायचे. “भीमराजनं भरली ना? मग पाच वर्सं पाह्यचं काम नाई,” हे वाक्य मी माझ्या गॅरेजात बसून हजार वेळा ऐकलं असेल. माझ्याबद्दल लोक म्हणतात, “बबनरावकडं गाडी टाकली का दोन चकरा होतेच.” तेही ऐकलंय.

असं तीस वर्षं चाललं. मग त्याच्या डोळ्यांना बारीक तार दिसेनाशी झाली. नंबर बदलून पाहिला, ऑपरेशन करून पाहिलं, पण पूर्वीसारखी नजर काही परत आली नाही. मनातल्या मनात मी म्हटलं, चला, आता हा बसला. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा वाटली नव्हती.

तो काही बसला नाही. ते कापसाचं नासलेलं वर्ष होतं. आदल्या हंगामात भाव असा चढला होता की आम्ही सगळे चेकाळलो, आणि यंदाही चढेल म्हणून कापूस घरात भरून ठेवला. माझ्या पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस. भीमराजनं आपल्या दोन एकरांचा कापूस दिवाळी होताच विकून टाकला. मी त्याला हसलो. म्हटलं, “थांब ना अरे, इतकी घाई कायले करतं?”

“मले मशीन घ्याची हाय, बबनराव,” तो म्हणाला.

भाव उतरला तो उतरलाच. वैशाख लागला तरी आमचा कापूस घरातच, आणि घरातल्या प्रत्येकाच्या अंगाला खाज. जेवताना खाजवायचं, पाहुण्यांसमोर खाजवायचं. आणि समोर भीमराजच्या दुकानावर नवा बोर्ड लागला : कार चार्जिंग पॉइंट.

“गाड्या आता बिजलीवर येऊन राह्यल्या,” तो मला समजावून सांगत होता. “नागपूरवून निघालेली गाडी आर्णीपर्यंत येते. पुढं माहूरले, नांदेडले जायाचं म्हटलं तं तिले इथंच चारा-पाणी करा लागते. वीस-पंचवीस वर्सांनी पेट्रोलची गाडी पोट्टे फोटोत पाहतीन.”

“आन् माह्यं गॅरेज?” मी विचारलं.

“तुमी बी शिका ना. ब्रेक, टायर तं तिलेही लागतेच.”

त्यानं आपलेपणानं सांगितलं असेल, पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सालदाराचं पोरगं मला शिका म्हणतं!

पहिली गाडी आली तेव्हाची गोष्ट विसरता येत नाही. पांढरी गाडी, आवाज नाही, धूर नाही, मांजरासारखी येऊन उभी राहिली. माझ्या गॅरेजातले झाडून सगळे लोक रस्ता ओलांडून पाहायला गेले. ज्याचं कार्बोरेटर मी हातात उघडून धरलं होतं, तोही गेला. मी तसाच बसलो. नखांत तीस वर्षांचं ऑइल, आणि समोर तो स्वच्छ शर्ट घालून एक नळी गाडीला लावतो आणि खुर्चीवर बसतो. याला काय काम म्हणतात?

त्यातून त्याची बायको नलू. तिनं दुकानामागे पांढऱ्या फरशीचं संडास-बाथरूम बांधून घेतलं, ते इतकं स्वच्छ ठेवायची की माहूरला देवीला जाणाऱ्या बायका मुद्दाम तिथं गाडी थांबवू लागल्या. यातूनच विमलताईंचं प्रकरण सुरू झालं. विमलताई यवतमाळच्या. नागपूर ते माहूर त्यांच्या प्रवासी गाड्या चालतात. दोन विजेच्या घेतल्या होत्या, आणखी चार घेणार होत्या. आमच्यापासून सहा किलोमीटर पुढे एका ढाब्यावरही चार्जिंगचं यंत्र बसलं होतं, पण तिथं पिणाऱ्यांचा अड्डा, बायामाणसांना उतरायला नको वाटायचं. विमलताईंनी भीमराजला सांगितलं, “एक दिवस मी स्वतः नागपूरहून येते, बॅटरी संपत आणून. तुमच्या यंत्रानं नीट भरली, तर माझ्या सगळ्या गाड्या रोज तुमच्याकडेच.” म्हणजे त्याचं उरलेलं आयुष्य मार्गी लागणार. डोळे गेलेल्या वाइंडिंगवाल्याला याहून जास्त काय पाहिजे? मला पुढचे चार दिवस अन्न गोड लागलं नाही.

विमलताई यायच्या आठ दिवस आधी फुलसावंगीला नलूचा बाप ओसरीवरून पडला. खुब्याचं हाड मोडलं, नागपूरला न्यावं लागलं. नवरा-बायको दोघंही निघाले. जाताना भीमराज माझ्याकडे आला आणि त्यानं मला त्याच्या दुकानाच्या बाजूला, रस्त्याकडच्या कोपऱ्यात नेलं. तिथं एक फरशी होती. त्यानं ती उचलली. खाली खड्डा, त्यात मीठ-कोळसा भरून पुरलेली तांब्याची प्लेट, म्हणजे अर्थिंग.

“आपली काळी माती तुमाले मालूम हाय,” तो म्हणाला. “उन्हाळ्यात अशी फाटते का बैलाचा पाय जाते. माती सुकली, प्लेटीपासून सुटली, का मशीनले अर्थिंग भेटत नाई. आन् अर्थिंग नाई भेटलं तं ते गाडीले एक थेंब बी देत नाई, लय नाटकी हाय. रोज सांजच्याले दोन बकेटी पाणी टाकजा, बबनराव. दुसऱ्या कोणाले नाई सांगत मी. तुमी समोरच असता.”

“जाय तू. टाकतो मी,” मी म्हटलं.

पहिल्या दिवशी टाकलं. माती पाणी पिते तसा चुर्र आवाज झाला. दुसऱ्या दिवशीही बकेट भरून ठेवली होती. तेवढ्यात कोकिळा डबा घेऊन गॅरेजात आली आणि मानेवर खाजवत म्हणाली, “भीमराजभाऊनं येळेवर कापूस इकला, येळेवर मशीन घेतली. तुमी बसा खाजवत. आन् वरून त्याच्या घरचं पाणी भरा!”

झालं. बकेट उचलून मी गॅरेजपुढच्या धुळीवर सडा मारला. तिसऱ्या दिवशी म्हटलं उद्या टाकू. चौथ्या दिवशी तेही म्हटलं नाही. पारा पंचेचाळीसवर होता. रोज संध्याकाळी ती फरशी मला दिसायची, आणि मी तिच्याकडे पाठ करून प्लग साफ करत बसायचो.

गुरुवारी अकराच्या सुमारास विमलताईंची गाडी आली. पुढच्या सीटवर, ड्रायव्हरशेजारी, भीमराज! नागपूरहून त्यांच्याच गाडीत आला होता. नलू बापाजवळ थांबली होती. तो ऐटीत उतरला, निदान मला तरी ती ऐट वाटली, आणि रस्त्याच्या पलीकडूनच मला विचारलं, “बबनराव, पाणी टाकून राह्यले ना?”

लोक जमले होते. विमलताई माझ्याकडे पाहत होत्या. मी म्हटलं, “हो ना. रोज दोन बकेटी.”

त्यानं मान हलवली आणि नळी गाडीला लावली. मशीनवर लाल दिवा. काढून पुन्हा लावली. पुन्हा लाल. त्यानं मीटर लावून पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. “अर्थिंगच नाई भेटून राह्यलं,” तो म्हणाला. मग डबा उघडला, तारा सोडल्या, घासल्या, पुन्हा आवळल्या. चष्मा वर-खाली करत, तारेच्या टोकाला नाक टेकवून पाहत होता. पाणी टाकलंय म्हटल्यावर त्यानं फरशी उचलूनसुद्धा पाहिली नाही. माझ्या शब्दावर विश्वास ठेवला आणि आपल्या हातांवर संशय घेतला. खड्ड्यात दहा बकेटी ओतल्या असत्या तर तेवढ्या वेळात काम झालं असतं. मला ते माहीत होतं. मी माझ्या दारात उभा राहून पाहत राहिलो, आणि खरं सांगतो, पहिला अर्धा तास मला बरं वाटत होतं.

दीड तासानं भीमराज विमलताईंपुढे हात जोडून म्हणाला, “ताई, माह्याच कामात चूक हाय. मले सापडून नाई राह्यली.”

तीस वर्षांत हे वाक्य त्याच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. जमलेले लोक एकमेकांकडे पाहू लागले. विमलताई वर्तमानपत्रानं वारा घेत होत्या. “मला लोकांना उन्हात बसवून ठेवता येणार नाही हो, भीमराज,” त्या म्हणाल्या. उरलेल्या चार्जवर, एसी बंद करून, गाडी हळूहळू ढाब्याकडे गेली. आणि पुढे त्यांच्या सगळ्या गाड्या तिकडेच जाऊ लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच अर्थिंगचा खड्डा खणायला बसला. “प्लेटीचा जोडच कच्चा राह्यला असन,” म्हणत होता. मला राहवेना. त्याचा पराभव जवळून पाहायचा होता की आणखी काही, मलाच कळत नव्हतं. मी जाऊन काठावर उभा राहिलो. कमरेइतकं खणून तो थांबला. तांब्याचा जोड वर काढला, बोटांनी चाचपला. जोड पक्का होता. मग त्यानं प्लेटीजवळचं एक ढेकूळ उचललं. पांढुरकं पडलेलं, कोरडं ठणठणीत. मुठीत दाबलं तर त्याचा भुगा झाला.

“ऊन लय होतं ना यंदा,” मी म्हणालो.

त्यानं खड्ड्यातून वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. शिवी दिली असती, फावडं फेकलं असतं तर मला सोपं झालं असतं. पण तो म्हणाला, “हो. ऊन लय होतं.” आणि पुन्हा माती भरू लागला.

यावर आमच्यात कधी बोलणं झालं नाही. पावसाळ्यानंतर त्यानं शेतातली ठिबकची एक नळी आणली, टाकीपासून अर्थिंगच्या फरशीपर्यंत ओढली आणि तिला एक तोटी बसवली. थेंब थेंब पाणी आपोआप पडू लागलं. कुणीतरी विचारलं तेव्हा मी माझ्या दारातून ऐकलं, “आता कोणाले सांगाचं काम नाई.” आवाजात राग नव्हता. येणाऱ्या-जाणाऱ्या दोन-तीन गाड्या त्याच्याकडे थांबतात, त्यावर त्याचं कसंबसं चालतं. लोक मात्र आता म्हणतात, “भीमराजचं पहिल्यासारखं राह्यलं नाई. त्याच्यानंही चूक होते.” हे ऐकायला मी तीस वर्षं आसुसलो होतो. आता कुणी म्हटलं की मी उठून आत जातो.

पण जळणं गेलं असं समजू नका. आता मी त्या नळीवर जळतो. रोज संध्याकाळी ती थेंब थेंब गळते, आणि मला वाटतं, हे काम माझं होतं.

यंदाच्या वैशाखात एका सकाळी पाहिलं, तर फरशीभोवतीची जमीन कोरडी. आमच्या पाण्यात क्षार फार, नळीचं तोंड बुजलं होतं. मी शटर अर्धंच उघडं टाकून दोन बकेटी भरल्या, रस्ता ओलांडला, फरशी सरकवली आणि पहिली बकेट ओतली. तोच चुर्र आवाज. मागे पाहिलं तर भीमराज उभा.

“राहू द्या, बबनराव,” तो म्हणाला. “मी टाकतो.”

त्यानं माझ्या हातातून दुसरी बकेट घेतली आणि स्वतः ओतली. मग दोन्ही बकेटी विसळल्या, रस्ता ओलांडून माझ्या गॅरेजच्या पायरीवर नेऊन ठेवल्या, आणि परत येऊन सुईनं नळीचं तोंड मोकळं करत बसला. सुई सारखी चुकत होती. त्याला बारीक दिसत नाही. मी दोन हात अंतरावर उभा होतो, पण ‘दे इकडं, मी करतो’ एवढंसुद्धा मला म्हणता आलं नाही.