दोघांचा विमा

राहवत नाही म्हणून लिहितेय.

आज साखरशेतला बाबांकडे होते. दुपारी धाकट्या भावाचा फोन आला, स्पीकरवर लावला. तो वैमानिक आहे. नोकरीचा करार नव्याने होतोय. पगार थोडा कमी घेतला तर आईवडिलांचाही आरोग्य विमा मिळतो.

मागच्या करारातही हे होतं. तेव्हा बाबा म्हणाले, "आमाला काय धाड भरलीय? तू पगार घे." त्याने घेतला.

पुढे आईच्या पोटात दुखायला लागलं. पोराच्या पैशाला हात लागू नये म्हणून तिने कुणाला कळूच दिलं नाही. जव्हारच्या दवाखान्यातून नाशिकला नेलं, तेव्हा उशीर झाला होता. आई वाचली नाही.

आई भाकरीचा तुकडासुद्धा वाया जाऊ देत नसे. विमा भरलेला असता ना, तर फुकट जाऊ नये म्हणून तरी ती डॉक्टरकडे गेली असती!

आज भावाचं बोलणं संपायच्या आत बाबा म्हणाले, "पगार राहू दे. दोघांचा विमा काढ."

मी भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे पाहिलं. फोनवर भाऊ हळूच म्हणाला, "हो बाबा. दोघांचा काढतो."

तुमच्या घरी कोण दुखणं लपवतंय? आजच विचारा. "काही नाही" म्हणाले, तर ऐकू नका.