भावजींची ट्यूडर अंगठी

आमच्या भावजींइतका रिकामटेकडा आणि तरीही सदैव बिझी माणूस अख्ख्या इंग्लंडात सापडणार नाही. जमिनीच्या वर तरी नाहीच. खाली कुणी असला, तर भावजी त्यालाही उकरून काढतील. भावजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. जन्मभर हॉस्पिटलात भूल द्यायचं काम केलं आणि रिटायर झाल्यापासून तेच काम ते नुसतं बोलून करतात. लंडनच्या कडेला पिनरला छान घर आहे, गुडघे शाबूत आहेत. चारचौघांसारखं क्रूझला जावं, नातवंडांना शाळेतून आणावं. पण नाही! ह्यांनी जमिनीत गाडलेलं जुनं सोनंनाणं शोधायला मेटल डिटेक्टर घेतला. कानाला हेडफोन, पायात वेलिंग्टन बूट, हातात ते झाडूसारखं यंत्र, आणि भर पावसात परक्याच्या शेतात मागेपुढे, मागेपुढे. घरात कधी केरसुणीला हात लावला नाही हो या माणसाने, पण इंग्लंडची शेतं झाडून काढली!

आणि सापडायचं काय? कोकच्या कॅनची कडी सापडली, ती म्हणे हजार वर्षांपूर्वीची, सॅक्सन होती. ट्रॅक्टरचा नट सापडला, तो नॉर्मन निघाला. हे सगळं ताईच्या सिंकमध्ये, ताईच्याच टूथब्रशने घासायचं. एकदा मी जेवायला बसले तर लिंबाच्या वाटीत एक बटण! 'रोमन आहे, जपून,' भावजी म्हणाले. ताईने ते उलटं केलं तर मागे 'मेड इन चायना'. काउंटीच्या म्युझियममध्ये जमिनीतून निघालेल्या वस्तू ओळखणाऱ्या एक बाई आहेत. भावजींनी त्या बिचारीचा इतका पिच्छा पुरवला, की ती आता त्यांना लांबून बघूनच चहा ठेवते. मी एकदा चिडून विचारलं, "भावजी, तुम्हाला हवंय तरी काय?" तर अगदी सरळ म्हणाले, "म्युझियममध्ये काचेखाली एक वस्तू, आणि तिच्याशेजारी माझं नाव. बास. इतकी वर्षं या देशात काढली, माझं नाव कुठे आहे? पार्किंगच्या दंडावर!" मी हसले. हसण्यासारखंच होतं.

तर गेल्या वर्षी एका रविवारी हे गृहस्थ ईलिंगला माझ्याकडे हजर. बूट चिखलाचे, कार्पेट माझं. खिशातून गोळ्यांची डबी काढली, कापूस बाजूला केला, आणि आत अंगठी! पिवळा खडा, पिवळंधमक सोनं. झालं, भूल द्यायला सुरुवात. "इंग्लिश सोनं नऊ कॅरेटचं, फिक्कट. हे बघ कसं आहे! हॉलमार्क नाही, म्हणजे हॉलमार्क यायच्या आधीचं. ट्यूडर राजांच्या काळातलं, पाचशे वर्षांपूर्वीचं! खडा बहुधा यलो सफायर. कुणी सरदार शिकारीला आला असणार, घोड्यावरून उतरताना पडली." घोडासुद्धा करून दाखवला. मी अंगठी हातात घेतली, उलटी केली. खालून कोंदण उघडं.

"भावजी," मी म्हटलं, "तुमचा सरदार गुरुवारचे उपास करायचा का हो?"

"म्हणजे?"

"अहो, हा पुष्कराज आहे! खडा कातडीला लागायला हवा म्हणून खालून उघडा ठेवतात. पत्रिकेत गुरू कमजोर असला की तर्जनीत घालायचा. सापडली कुठे?"

"त्या जुन्या स्ट्रॉबेरीच्या शेतात."

"मग! दर उन्हाळ्यात आपल्या मराठी मंडळाची ट्रिप जायची तिथे, आपल्या हाताने स्ट्रॉबेऱ्या तोडायला. तुम्हीच तोडण्यापेक्षा जास्त खायचात!"

मी पोट धरधरून हसले. मग त्यांच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. पोरासारखं तोंड झालं होतं एवढंसं. मी गुपचूप चहा टाकायला उठले.

तरी हट्ट बघा, दुसऱ्या दिवशी म्युझियममध्ये गेलेच. बाईंनी भिंगातून पाहिलं. सोनं बावीस कॅरेटचं, खडा अस्सल, घडण हिंदुस्थानी आणि अलीकडची. म्युझियमच्या कामाची नाही, मालक शोधा. मग भावजींनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, फोटो न घालता. काय सांगू, मंडळातल्या निम्म्या लोकांच्या पुष्कराजाच्या अंगठ्या एकदम हरवल्या! भावजी एकेकाची उलटतपासणी घ्यायचे. अखेर हाउन्सलोहून एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोन आला. एअरपोर्टवर कार्गोत नोकरी केलेली, आता एकटेच. "डॉक्टरसाहेब," ते म्हणाले, "खड्याच्या कोपऱ्याचा टवका उडालाय का हो? इकडे यायला निघालो तेव्हा आईने स्वतःची पाटली मोडून करून घातली होती. हरवली हे मी तिला कधीच सांगितलं नाही. दर फोनला विचारायची, घालतोस ना रे? मी हो म्हणायचो."

टवका होता. आम्ही तिघं हाउन्सलोला गेलो. अंगठी आता त्यांच्या बोटाच्या पेराच्या पुढे सरकेना. ते रडले, आम्ही कार्पेटकडे बघत बसलो. परत येताना भावजींनी वाटेतल्या एकाही शेताकडे मान वळवून पाहिलं नाही. ताई घाबरलीच. डिटेक्टर गराजमध्ये गेला तो तिथेच पडून राहिला.

दिवाळीला त्या गृहस्थांनी आम्हाला फराळाला बोलावलं. ते आत चकल्या काढत होते. हॉलमध्ये त्यांचं काचेचं शोकेस, गणपती, नातीचा पदवीचा फोटो, आणि मधल्या फळीवर लाल मखमलीवर ती अंगठी. शेजारी पुठ्ठ्यावर सुबक अक्षरात लिहिलेलं: 'पुष्कराजाची अंगठी. आईने दिलेली. स्ट्रॉबेरीच्या शेतात हरवली. शोधून काढली:' आणि पुढे भावजींचं नाव. डॉक्टर लावून, वडिलांच्या नावासकट, पूर्ण.

भावजी हात पाठीमागे बांधून समोर उभे होते, म्युझियममध्ये माणसं उभी राहतात तसे. चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. "काच धुरकटलीये जरा," म्हणाले, आणि स्वतःच्या रुमालाने शोकेसची काच पुसायला लागले. काच स्वच्छच होती. एरवी मी सोडलं नसतं. पण त्या दिवशी मी आपली त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "वाचून दाखवा ना भावजी, मी चष्मा आणला नाही."