काळा बोळ आणि मूठभर मीठ

देवी माझं ऐकते की नाही, हे मला त्या दिवसापर्यंत कळत नव्हतं. खरं सांगायचं तर ती ऐकत असेल असं वाटायचंही बंद झालं होतं. मी शिकलेली फार नाही. कल्याणला माहेरी मुलींच्या शाळेत दुसरीपर्यंत गेले, मग लग्न झालं नि ठाण्यास आले, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं. आठवेल तसं लिहिते.

यमू माझी थोरली, तेव्हा सव्वा वर्षाची, आणि मला पाचवा लागला होता. घरात सासूबाई, आमच्या वन्सं, म्हणजे इकडच्या थोरल्या बहीण, त्या लहानपणीच विधवा होऊन परत आलेल्या, आणि आम्ही. इकडून सकाळी जेवून कचेरीत जाणं व्हायचं ते दिवेलागणीला परत. पोटुशी बाईचं दूध अंगावरच्या पोराला बाधतं असं सगळ्याच म्हणतात, म्हणून सासूबाई तिसऱ्या महिन्यापासून मागे लागल्या होत्या, "तोड गं तिला, तोड." मी हो हो म्हणायची आणि पाणी तापवायच्या निमित्ताने न्हाणीघरात जाऊन तिला पाजायची. एकदा वन्संनी पकडलंच. म्हणाल्या, "पाणी तापवतेयस की लेकीला उकडतेयस?" पण त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मग यमूचं पोट बिघडलं, दोन दिवस जुलाब झाले, आणि सासूबाईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. त्यांची स्वतःची दोन मुलं अशीच खंगून गेली होती, हे मला माहीत होतं. त्या पाहण्यापुढे मला खोटं बोलता आलं नाही.

त्याच दिवशी काळा बोळ आणला. काळा बोळ म्हणजे गांध्याच्या औषधी दुकानात मिळतो तो काळा खडा, इतका कडू की नुसता जिभेला लागला तरी शहारा येतो. तो सहाणेवर पाण्यात उगाळायचा आणि अंगाला लावायचा, म्हणजे मूल तोंड लावून आपणच मागे सरतं. आमच्यात सगळ्या बायका असंच करतात. मी दिवसातून तीनदा उगाळून लावत होते. यमूने पहिल्यांदा तोंड लावलं, मग माझ्याकडे असं बघितलं की ते अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही, आणि मग ओरडली. दूध तर सुटलं. पण त्याबरोबर तिने सगळंच सोडलं. गाईचं दूध वाटीने दिलं, थुंकली. मऊ भात दिला, थुंकली. वैद्यबुवांनी मात्रा दिली ती मधात चाटवली, तीसुद्धा थुंकली. घास घेऊन मीच बसायची, कारण ती दुसऱ्या कुणाकडे जाईचना. मागून वन्संनी, सासूबाईंनी भरवून पाहिलं, तर ती दात घट्ट मिटून घ्यायची. चार दिवसांत तिचे गाल बसले. रडायची तीही आवाज न करता.

मला त्या दिवसांत काहीच सुचत नव्हतं. जेवायला बसलं की घास कडू लागायचा, पण गरोदरपणात माझं तोंड यमूच्या वेळीही असंच कडवट होतं, म्हणून त्याकडे कोण बघतंय. मनात एकच, की मी लपूनछपून पाजलं म्हणून हे झालं, माझ्या हातून झालं.

पाचव्या दिवशी सासूबाईच म्हणाल्या, "जा, देवीला कौल लाव." वन्संनी यमूला कडेवर घेतलं आणि आम्ही गावदेवीला गेलो. गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवल्या. आपण मनात विचारायचं, उजवी कळी आधी पडली तर देवी हो म्हणाली, डावी पडली तर नाही. सगळ्यांना ठाऊक आहे ते. मी हात जोडले आणि माझ्या तोंडून, म्हणजे मनातूनच, निघालं, "आई, नेणार का गं माझ्या यमूला?" मग किती वेळ गेला कोण जाणे. बाहेर खाडीकडून वारा येत होता, समई फडफडत होती. आणि डावी कळी टप्पकन खाली पडली.

देवी नाही म्हणाली. वन्संनी यमूचं डोकं पदराने झाकलं. आणि तिथे मी जे केलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी देवीला म्हटलं, पोटातलं घे. हवं तर ते ने, ही राहू दे. असं मी म्हटलं, आणि त्याच क्षणी ते पोटात हललं. ऐकू गेल्यासारखं. मी दोन्ही हात पोटावर दाबून धरले, पण बोललेलं परत कसं घेणार? घरी येईपर्यंत मी रडले, कुणासाठी रडत होते तेही कळेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी मागच्या दाराशी हाक आली, "मीठ घे गो, मीठ!" खाडीवरच्या मिठागरातली बाई होती, दर आठ-दहा दिवसांनी डोक्यावर टोपलं घेऊन यायची. सासूबाई वाळवण राखत होत्या, म्हणून मीच गेले, कडेवर यमू. बाईने टोपलं उतरवलं, माझ्याकडे बघितलं, पोरीकडे बघितलं.

"काय झाला गो पोरीला?"

मी म्हटलं, काही खात नाही, आज सहावा दिवस. आणि यमू कुरकुरली म्हणून कनवटीचा गुळाचा खडा काढून तिच्या तोंडात घातला. तिने तो थुंकला आणि तोंड फिरवलं. बाई बघत होती. तिने टोपल्यातला मिठाचा एक बारीक खडा उचलला आणि, मी नको नको म्हणेपर्यंत, यमूच्या ओठावर ठेवला. यमूने जीभ फिरवली. पुन्हा फिरवली. मग तिने तोंड उघडलं, आणखी दे म्हणून.

"तोंडाला काय पन झाला नाय तिच्या," बाई म्हणाली. "गूळ थुकते नि मीठ चाटते? हात बघू तुझा."

आणि माझा हात धरून तिने माझ्या बोटाला सरळ जीभ लावली! मग बाजूला थुंकली, पुन्हा थुंकली. "अगो बाय माझे! कडू जहर! ह्या हातानं भरवतंस? मी पन थुकेन!"

मी तशीच उभी राहिले. दिवसातून तीनदा बोळ उगाळायची, पाण्याने हात धुवायची आणि यमूला भरवायला बसायची. तो पाण्याने जात नाही. नखांत होता, बांगड्यांखाली होता, ज्या सहाणेवर बोळ उगाळला तिच्यावरच मात्रा उगाळली होती. सहा दिवस मी माझ्या पोरीला बोळ चारत होते.

बाईने मूठभर मीठ माझ्या तळव्यांवर ओतलं आणि आपल्या खरबरीत हातांनी माझे हात घासायला लागली. बोटं, नखं, मनगटं. कातडी लाल झाली, चिरांत मीठ झोंबलं. "रडतंस कशाला, घास!" ती म्हणाली. तेवढ्यात सासूबाई दारात आल्या. सून मिठागरातल्या बाईच्या हातात हात देऊन बसलेली, ही शिवाशीव आमच्या घरात चालायची नाही. मला वाटलं, आता संपलं. मी कसंबसं सांगितलं काय झालं ते. सासूबाई आत गेल्या, भाताची पेज मीठ घालून नव्या वाटीत घेऊन आल्या आणि दुरूनच माझ्यापुढे सरकवली.

यमूने पहिला घास तोंडात धरून ठेवला. मग गिळला. मग माझं बोट धरून चोखत बसली, सोडेचना.

"अजून पेज आहे," सासूबाई म्हणाल्या. "आंघोळ काय, मागून कर."

संध्याकाळी यमू माझ्या मांडीवर झोपली तेव्हा मी वन्संना कौलाचं विचारलं. म्हटलं, देवी तर नाही म्हणाली होती. त्या वाती वळत होत्या. म्हणाल्या, "तू विचारलंस काय? बरी होईल का, असंच ना?" मी सांगितलं, नेणार का, असं विचारलं. वन्संच्या हातातली वात तशीच राहिली. मग त्या इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. "अगं वेडे! मग ती नाही म्हणाली ना! आणखी काय सांगायचं होतं तिने तुला, देव्हाऱ्यातून उतरून?"

मी पोटावर हात ठेवला आणि पोटातल्याची क्षमा मागितली. पुष्कळ वेळ मागत होते.

श्रावण संपता संपता मी बाळंत झाले. दुसरीही मुलगीच. सासूबाई म्हणाल्या, "असू दे, यमूला सोबत." तिला मी पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा आधी माझं बोट माझ्याच जिभेला लावून पाहिलं.

मिठाची बाई पुढेही येत राहिली. मी एकदा तिला म्हटलं, बाई, तुझ्या रूपाने देवीच आली माझ्या दारी. ती म्हणाली, "कवा गो? मना नाय आठवत. आज दोन मापं घेतंस ना, पाऊस येल." मी तीन घेतली. आता मी देवीशी देण्याघेण्याचं बोलत नाही. हे घे नि ते ठेव, असं सांगणारी मी कोण, तिने नाही म्हटलेलंही मला धड ऐकू येत नव्हतं. मुलींना भरवायला बसण्याआधी चिमूटभर मिठाने हात घासते, तिचं नाव घेते, आणि पुढचं तिच्यावर सोडते.