मामाजी कोणाच्या गाडीत बसणार

दसऱ्याच्या दुपारी माझा साडभाऊ, म्हणजे धाकटा साडू, चंद्रपूरहून वडशाला, थेट आमच्या दारात, पांढरी कार घेऊन आला. मी तेव्हा बनियनवर अंगणात बसून स्कूटरचा प्लग घासत होतो. हात काळेकुट्ट. सोनं द्यायला त्याने आपट्याची पानं पुढे केली आणि माझे हात पाहून ती माझ्या मनगटावर ठेवली, जखमेवर हळद ठेवावी तशी.

"जुनीच हाये भाऊ," तो गाडीकडे हात करून म्हणाला. "आमच्या साहेबांची. त्याईनं नवी घेतली, मले म्हने तूच घेऊन जा."

नवी आहे म्हणाला असता तर मी थोडा कमी जळलो असतो. नव्या गाडीला माणूस "कर्ज काढलं असेल" असं म्हणून मनातल्या मनात बाजूला सारू शकतो. या जुन्या गाडीला एक ओरखडा नव्हता. सीटवर टॉवेल अंथरलेले, समोर काचेला गणपती, आणि मागे माझी साळी, म्हणजे बायकोची धाकटी बहीण, काच वर-खाली करून आमच्या हिला दाखवत होती. आमची ही पुनःपुन्हा "मले करू दे, मले करू दे" म्हणत होती. बावीस वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे कशाचाच एवढा हट्ट धरला नव्हता.

मी हात धुतले आणि गाडीभोवती फेरी मारली. उजवीकडचं मागचं टायर गुळगुळीत झालेलं दिसलं आणि मला बरं वाटलं.

"खर्च लय असन ना पण?" मी शक्य तेवढ्या काळजीच्या सुरात विचारलं. "सर्व्हिसिंग, पेट्रोल, काही ना काही निघतेच जुन्या गाडीले."

"काहीच नाई. तेल टाका आन चाला."

मला तो जेवताना, पान खाताना, निघताना, तीनदा काळजी वाटली. तीनही वेळा त्याने "काहीच नाई" असंच सांगितलं. आणि मग गाडी सुरू करून, काच खाली घेऊन, तो म्हणाला, "यंदा मंडईले मामाजी माह्या गाडीत, बरं का भाऊ."

हे वाक्य माझ्या पोटात कुठे जाऊन बसलं ते कळायला आमच्या मंडईचं थोडं सांगायला हवं. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली, धान कापायला आलं, की गावोगाव मंडई भरते. दिवसा दुकानं, पाळणे, पाहुणे, रात्री नाटक. माझी सासुरवाडी लहान, मंडई भरते ती दोन कोसांवरच्या मोठ्या गावात. सासरचं सगळं खटलं खाचरांतून, म्हणजे बैलाच्या हलक्या गाड्यांतून, तिकडे जायचं. पहिल्या खाचरात पुढे मामाजी, म्हणजे माझे सासरे, आणि त्यांच्या शेजारी थोरला जावई. थोरला जावई मी. मला शेत नाही, रूप नाही, शाळेतल्या मास्तराचा पगार तेवढा आहे. पण वर्षातून एक दिवस मी त्या खाचरात मामाजींच्या मांडीला मांडी लावून मंडईत शिरत असे आणि दुतर्फा लोक रामराम घालत. रामराम त्यांना असत. मी माझ्या अंगावर घेत असे.

"आपन बी एक जुनी गाडी पाहाची काय?" त्या रात्री मी हिला सहज विचारल्यासारखं विचारलं.

"कुठी जाची हाये गाडीनं?" ती म्हणाली. "शाळा तं आंगनातून दिसते."

तरी दुसऱ्या दिवशी मी रेल्वे फाटकाजवळच्या गॅरेजवाल्या चाचांकडे गेलोच. चाचांच्या वडिलांपासून त्यांचं तिथे गॅरेज. मी विचारलं, पेट्रोलची घ्यावी की डिझेलची? चाचा म्हणाले, "देखो मास्तर, पेट्रोलवाली रोज थोडा थोडा खाती. डिझेलवाली कम खाती, पर एक दिन बीमार पडी तो तुमको सुलाती. अब तुम बोलो, रोज रोना है के एक दिन?" मी म्हटलं, साडभाऊची तर रडवतच नाही म्हणे. चाचा हसले. "सब नई दुल्हन की तारीफ करते."

हे ऐकून मी इतका सुखावलो की चहा मीच पाजला.

चाचांच्या माहितीत विकाऊ दोन गाड्या होत्या. एक तांदळाच्या गिरणीवाल्या शेटची बदामी रंगाची पेट्रोल कार, दुसरी एक डिझेल जीप. आणि इथे मला माझ्या आयुष्यातली सर्वांत हुशार कल्पना सुचली. साडभाऊने गाडी मामाजींना न विचारता घेतली होती. मी मामाजींना बोलावून त्यांच्याच पसंतीने घेणार! स्वतः पारखलेली गाडी सोडून माणूस दुसऱ्याच्या गाडीत बसेल कशाला?

मामाजींनी गाडी कधी पारखली नव्हती. बैल मात्र त्यांनी जन्मभर पारखले होते. आसपासच्या गावांतले लोक बैलबाजारात जाताना त्यांना सोबत नेत. निरोप मिळताच ते दुसऱ्या दिवशीच्या एसटीने वडशाला आले, खांद्यावर शेला टाकून, बाजाराला निघाल्यासारखे.

आधी शेटची कार. मामाजींनी तिला दोन फेऱ्या घातल्या. सीट दाबून पाहिली. सीटखाली उंदरांनी कोंड्याचं घर केलं होतं आणि दोन वायरी कुरतडल्या होत्या.

"रोज काढता का हिले?" त्यांनी शेटला विचारलं.

"नाई भाऊ, महिन्यातून एखाद्या वेळी. जपून वापरली."

मामाजी माझ्याकडे वळले. "बसलेलं जनावर हाये हे. बसलेलं जनावर बसूनच खाते. नोको."

मग जीप. ती एका कंत्राटदाराच्या घरामागे मोहाच्या झाडाखाली उभी होती. मामाजी तिला पाहताच थबकले आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. "अरे, हे तं ओयखीची हाये!"

ओळखीचीच होती. दरवर्षी हिवाळ्यात वडशाच्या नाटकवाल्यांसाठी हीच जीप टपावर भोंगा बांधून गावोगाव फिरायची, "आज रात्री, आज रात्री" ओरडत. उन्हाळ्यात ती तेंदूपत्त्याच्या कामावर एटापल्लीकडच्या जंगलात जायची. पावसाळ्यात मोहाखाली विश्रांती. मामाजींच्या हिशेबात यापेक्षा मोठा दाखला नव्हता. चार महिने राबते, चार महिने ओढते, चार महिने चरते. आणि तिला आडरस्त्यात बसलेली आपल्या गावात कोणी पाहिली नाही.

"खाते किती?" त्यांनी कंत्राटदाराला विचारलं.

कंत्राटदाराने सांगितलं. मी मध्ये तोंड घातलं, "मामाजी, खान्याचं सोडा, दुरुस्तीचं विचारा. क्लच, बॅटरी, टायर..."

"थांबा जवाई. हे काय, नाल ठोकनंच होय ना?"

त्यांनी जीपमध्ये धानाची पोती भरायला लावली आणि तिला एका पडीत बांधीतून, म्हणजे न पेरलेल्या चिखलाच्या धानशेतातून, आडवी नेऊन पाहिली. गेली. मग किमतीची वेळ आली. मामाजींनी शेला खांद्यावरून काढला, कंत्राटदाराचा हात त्याखाली घेतला आणि दोघेही आभाळाकडे पाहत बोटं दाबू लागले. बैलबाजारात सौदा असाच होतो. बाजूला उभ्या असलेल्याला आकडा कळू नये म्हणून. बाजूला मी उभा होतो. पैसे माझे, गाडी माझी, आणि तिची किंमत मला कळली ती संध्याकाळी घरी, हात धुऊन ताटावर बसताना. घास हातातच राहिला.

चाचांनी जीप पाहिली आणि एवढंच विचारलं, "किसने पसंद की?" मी म्हटलं, सासऱ्यांनी. "तो ठीक है," ते म्हणाले आणि पान्यांची पेटी उघडली. मंडईपर्यंत ती पेटी बंद झाली नाही. सेल्फ घेईना म्हणून बॅटरी बदलली. बॅटरी बदलली तरी घेईना म्हणून सेल्फच बदलला. स्टिअरिंग एवढं ढिलं की मी ते उजवीकडे वळवायचो आणि जीप थोडा वेळ विचार करायची. रेडिएटर तर नुसता पाणपोईला बसल्यासारखा पाणी मागायचा. दरवेळी बिल देताना मला एकच चिंता: साडभाऊचा आजवर काही खर्च झाला असेल का? एकदा मी एसटीडी बूथवरून केवळ तेवढंच विचारायला त्याला फोन लावला. "काहीच नाई भाऊ," तो म्हणाला. वर फोनचेही पैसे गेले.

जीपला मी हिरवा रंग मारून घेतला. नवीन दिसू लागली. पण ऊन तिरपं पडलं की हिरव्या रंगाखालून दारावर रंगवलेलं नाटकवाल्यांचं "आज रात्री" अजून वाचता यायचं.

मंडईच्या दिवशी सासुरवाडीच्या वेशीत शिरलो, तर पोरं धावतच आली. "नाटकाची गाडी! नाटकाची गाडी!" एक म्हातारी उंबऱ्यातून ओरडली, "कोनता खेळ हाये रे बाबू?" आमची ही डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून बसली. "मोठा मान भेटला बाप्पा," ती पदराच्या आतून म्हणाली, "आता भोंगाच तेवढा राह्यला."

साडभाऊची पांढरी कार आधीच येऊन चिंचेखाली उभी होती. तो पिवळ्या फडक्याने काच पुसत होता, जिच्यावर पुसण्यासारखं काही नव्हतं. त्याने जीप पाहिली. "मजबूत हाये," म्हणाला. ह्या शब्दात जी दया असते ती मास्तराला बरोबर कळते. आम्ही प्रगतिपुस्तकात "वर्तन चांगले" लिहितो तशी.

मी जीपच्या पुढच्या सीटवर घरून आणलेली धुतलेली चादर अंथरली. कोपरे नीट खोचले. दार उघडून धरलं, कारण ते एकदा लावलं की आतूनच उघडत असे.

मामाजी बाहेर आले. कडक धोतर, पांढरी टोपी. सगळं अंगण पाहत होतं, निदान मला तसं वाटत होतं. ते सरळ माझ्याकडे आले, जीपच्या बॉनेटवर हात ठेवला, थोपटला. माझी छाती फुगली.

"हे तं आपलीच हाये," ते म्हणाले. "पारखलेली. हिचं काय पाहाचं? या जवायाची पाहू दे कशी चालते ते."

आणि जाऊन पांढऱ्या कारमध्ये बसले. पुढे. साडभाऊच्या शेजारी.

बरोबरच होतं त्यांचं. आपला बैल माणूस गोठ्यात पाहतो. दुसऱ्याचा असेल तरच जुंपून पाहतो. सगळं मीच रचलं होतं.

बाकीचं खटलं जीपमध्ये आलं. आत्याबाई, म्हणजे माझी सासू, त्या चादरीवर बसल्या. मागे साळे, त्यांच्या बायका, पोरं, दोन शेजारणी, अनारशांचा डबा. पांढरी कार पुढे, मी मागे, मध्ये तिचा फुफाटा. त्या फुफाट्यातून मला कारच्या मागच्या काचेत मामाजींची टोपी दिसत होती. त्या दोन कोसांत मी जेवढ्या मनापासून प्रार्थना केली तेवढी कुठल्या देवळात केली नसेल: हिचं काहीतरी होऊ दे. मोठं नको. पंक्चर. ते उजवीकडचं मागचं टायर तर तयारच होतं. नाल्याच्या वाळूत कार किंचित डुलली, माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला, मदतीला उतरायच्या तयारीने. आणि ती निघून गेली, एकदाही न खोकता.

"सगळे तं इथी हाओत," आत्याबाई म्हणाल्या. "जवाई, तुमी तिथी काय पाहून राह्यले?"

मंडईत रामराम झाले, ते पांढऱ्या कारच्या खिडकीत. माझ्याकडे आले ते खेळाचं तिकीट विचारायला.

धाकट्या पोरांना नाटकाचं जागरण नको म्हणून दिवेलागणीला आम्ही परत निघालो. मी पुन्हा दार उघडून धरलं. मामाजींनी जीपकडे पाहिलं, कारकडे पाहिलं आणि थकलेल्या आवाजात म्हणाले, "तिथी काचा लावता येते. फुफाटा नाई लागत." साठी उलटलेल्या माणसाला धूळ नको असते, यात पारख कसली?

परतताना माझ्या दिव्यांच्या उजेडात, पुढच्या कारच्या मागच्या काचेत टोपी हळूहळू एका खांद्याकडे कलली. मामाजींना झोप लागली होती. साडभाऊच्या गाडीत, साडभाऊच्या खांद्यावर, गाढ. खाचरात माझ्या शेजारी ते इतक्या वर्षांत कधी झोपले नव्हते.

मी जोरात हॉर्न वाजवला.

टोपी ताडकन सरळ झाली.

"काऊन वाजवता?" मागून ही म्हणाली.

"कुत्रं होतं."

"कुठी?"