कारणाची वही

माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांत आज डॉक्टर आहेत, फौजदार आहेत, एक तर चक्क माझाच साहेब होऊन आला. तरी कुणी विचारलं, बाई, तुम्हाला अभिमान कशाचा, तर मी एका निळ्या वहीतलं पान सांगते. लोकांना वाटतं, बाईंचं वय झालं.

रांजणगावच्या कंपन्या नुकत्या उभ्या राहत होत्या तेव्हाची गोष्ट. कारेगावच्या बाजूच्या एका मराठी शाळेत मी सातवीला शिकवत होते. शिरूरहून सकाळच्या एसटीनं जायचं आणि संध्याकाळच्या एसटीनं परतायचं. वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील शिफ्टला जायचे, निम्म्यांचे रानात. शाळेत माझं अक्षर प्रसिद्ध होतं आणि राग त्याहून.

पेपर वाटले की मुलं मार्क बघायची आणि घडी करून दप्तरात कोंबायची. चुकलं काय, हे बघायला कुणी तयार नसायचं. त्या वर्षी सहामाहीनंतर मी प्रत्येकाला एक वही करायला लावली. डाव्या पानावर चुकलेलं गणित, उजव्या पानावर ते का चुकलं. शनिवारी वह्या आल्या. झाडून सगळ्यांचं कारण एकच: 'लक्ष नव्हते.' एवढी एकी त्यांनी प्रभातफेरीतसुद्धा कधी दाखवली नव्हती. मी संतापले. मग एसटीत बसल्यावर आठवलं, 'अभ्यासात लक्ष नाही' हा शेरा वर्षानुवर्षं मीच प्रगतिपुस्तकात लिहीत आले होते. पोरांनी माझंच मला परत केलं होतं.

सोमवारी मी फळ्यावर माझीच चूक मांडली. आदल्या आठवड्यात एक उदाहरण मी चुकीचं सोडवून दिलं होतं. खाली कारण लिहिलं, 'एसटी चुकेल म्हणून घाई केली.' वर्ग पोट धरून हसला, पण पुढच्या शनिवारी वह्या खरं बोलू लागल्या. एकानं लिहिलं, 'पुढच्याचे बघितले, त्याचेही चूक होते.'

आणि एका मुलीनं लिहिलं, 'अपूर्णांक शिकवले तेव्हा मी आठ दिवस आईबरोबर कांदे लावायला गेले होते. पुढचे सगळे त्याच्यावर आहे. म्हणून येत नाही.' तिला सहामाहीत शंभरातले अकरा मार्क होते. मी खाली लाल शाईत 'छान' लिहिलं आणि पुढची वही उघडली.

आठवड्यानं तिचे वडील आले, पहिली शिफ्ट संपवून, कंपनीच्या कपड्यांतच. म्हणाले, "बाई, हिची सातवी झाली की बास. आठवीला लांबच्या हायस्कूलात घालायचं आन् गणितात अकरा मार्क. काय उपेग?" मुलगी दाराशी मान खाली घालून उभी होती. मी तिची निळी वही त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ते पान दोनदा वाचलं. "आमच्या कंपनीत रिजेक्ट मालाला लाल चिठ्ठी लावत्यात," ते म्हणाले. "कारण लिवल्याबिगर भंगारात टाकता येत न्हाई. कारण दुरुस्त होन्यासारखं आसंल तर माल परत मशिनवर घेत्यात." मग पानावर बोट ठेवून म्हणाले, "आन् मी पोरीला कारण न बघताच भंगारात काढाय निघालो व्हतो."

मला हायसं वाटलं. पण त्यांचं संपलं नव्हतं. "एक ऱ्हायलं. ज्याच्या शिफ्टला माल बिघडला, त्याचीबी चिठ्ठीवर सही लागती. इथं तुमची सही कुठं हाय?"

माझा पारा चढला. "शाळा तुम्ही बुडवायला लावायची आणि सही मी करायची?"

"मीबी करतो की," ते शांतपणे म्हणाले आणि माझ्याच पेननं त्यांनी सही केली.

मी तावातावानं हजेरीपट उघडला. सलग आठ खुणा, माझ्या सुंदर अक्षरात. आठ दिवस मी गैरहजेरी मांडली होती आणि पोर कुठं आहे हे एकदाही विचारलं नव्हतं. मला मनापासून लाज वाटली. वहीच्या त्या पानावर मी लिहिलं, 'आठ दिवस आली नाही. मी विचारलं नाही.' खाली सही केली.

"बरं, वार्षिकला बघू," ते म्हणाले. "तवर घ्या मशिनवर."

मधल्या सुट्टीत आम्ही दोघी बसू लागलो. तीन दिवस मी घसा कोरडा केला, उपयोग शून्य. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "बाई, वाफ्यानं सांगू का?" तिनं पाटीवर कांद्याचा वाफा काढला. "आईनं अर्धा लावला, मी तिसरा हिस्सा. दोन्ही एकदम मोजायचं तर वाफ्याच्या सहा ओळी पाडायच्या. आईच्या तीन, माझ्या दोन, सहातल्या पाच झाल्या." मी खडू खाली ठेवला. जे आठ दिवस बुडाले म्हणून आम्ही रडत होतो, त्यातूनच तिनं अपूर्णांक उपटून आणला होता.

वार्षिकचा गणिताचा पेपर देऊन ती बाहेर आली तेव्हा वडील फाटकात उभे होते. ती त्यांच्याकडे न जाता आधी माझ्याकडे आली. "बाई, एक चुकलं. घाईत उलटं भागलं." पेपर मी तपासला. बरोबर तेच एक चुकलं होतं, तिनं सांगितलेल्याच कारणानं. निकालाच्या आधी स्वतःची चूक सांगणारी पोर माझ्या वर्गात तयार झाली होती. त्या दिवशी मी एसटीत उभ्यानं शिरूरला गेले आणि पाय दुखल्याचं कळलंही नाही.

जूनमध्ये बापलेक दाखला न्यायला आले. दाखल्यावर एक रकाना असतो, शाळा सोडण्याचे कारण. मी पेन उचललं आणि तिला विचारलं, "कारण काय लिहू गं?"

ती वडिलांकडे बघू लागली. ते म्हणाले, "मला काय इचारती? तुझं कारण तू सांग."

"आठवीला जायचंय," ती म्हणाली.

मी माझ्या सर्वांत चांगल्या अक्षरात लिहिलं, 'पुढील शिक्षणासाठी', आणि कुणी मागायच्या आत सही केली.