काम करस, भो

“काम करस, भो!” असं म्हणून तो छातीवर हात ठेवायचा आणि कमरेत जरासा वाकायचा. तैवानहून आलेल्या अठ्ठावन्न वर्षांच्या फिटरच्या तोंडून ही अहिराणी ऐकली की सुरतजवळच्या पलसाण्याच्या आमच्या डाइंग मिलमध्ये रोज नव्यानं हशा पिकायचा.

त्याचं असं झालं. आमच्या खात्यात निम्मी माणसं खानदेशची. जाता-येता एकानं विचारायचं, “काय करी ऱ्हायना, भो?” आणि दुसऱ्यानं हातातलं न सोडता म्हणायचं, “काम करस, भो.” म्हणजे काय करतोयस भाऊ, तर काम करतोय. दिवसातून पन्नास वेळा हे ऐकून त्याचा समज झाला की आपल्याकडे नमस्कार असाच करतात. आम्हीही तो समज काढला नाही. गंमत वाटायची. तुम्ही असता तर तुम्हीही काढला नसता.

कापड रंगवायचं नवं मशीन बसवायला तो आला होता. पहिल्या दिवशी कुणीतरी त्याला ‘चिनी’ म्हटलं. त्यानं पाना खाली ठेवला, “तैवान” म्हणाला, आणि पुन्हा पाना उचलला. आठवड्याभरात तो सगळ्यांचा मामा झाला. जेवणाच्या सुट्टीत प्रत्येकाच्या भाकरीचा तुकडा घ्यायचा, ठेचा जिभेला लावून डोळे पुसायचा, पण नको म्हणायचा नाही. मशीनचा एखादा भाग नीट बसला की त्यावर तळवा ठेवून उभा राहायचा आणि स्वतःशीच पुटपुटायचा, “बरं शे.”

हेच तो मलाही विचारायचा. मी मिलच्या ऑफिसात कागदपत्रं बघतो. पासपोर्टवर बोट आपटून तो म्हणायचा, “कागद? बरं शे?”

“बरं शे, मामा,” मी म्हणायचो.

बरं नव्हतं. आम्ही त्याला बिझनेस व्हिजावर बोलावलं होतं. त्या व्हिजावर माणसानं यावं, बोलणी करावीत, माल बघावा, चहा प्यावा आणि परत जावं. हातात पाना घ्यायचा तर एम्प्लॉयमेंट व्हिजा लागतो, मग काम दोन महिन्यांचं का असेना. त्यासाठी करार हवा, दहा कागद हवेत आणि थांबायची तयारी हवी. मी नियम वाचून हे शेठना सांगितलं होतं. मोबाइलमधून मान वर न करता ते म्हणाले, “पाटीलभाई, ए बधुं पछी जोईशुं. पहिले मशीन चालू करो.” मीही पुन्हा विषय काढला नाही. नोकरी मलाही हवी होती.

मामाला मात्र कागदाची धास्ती होती. परदेशी जाऊ शकेल त्याच फिटरला त्याची कंपनी ठेवायची. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. एका देशानं हाकललं की पुढचे देशही दार लावतात, मग घरी बसायचं, हे त्यानं मला मोडक्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांनी समजावलं होतं. समजावून झाल्यावर पुन्हा विचारलं होतं, “बरं शे?”

व्हिजाची मुदत वाढवायला मी त्याला सुरतच्या सरकारी कचेरीत नेलं. गाडीत त्याच्याकडून एकच शब्द घोटून घेतला, “मीटिंग.” तिथल्या साहेबांनी जे जे विचारलं, त्याला त्यानं “मीटिंग” म्हटलं. साहेबांनी कागद शेजारच्या टेबलाकडे सरकवले. माझा जीव भांड्यात पडला.

शेजारच्या टेबलावरचा कारकून खानदेशचा निघाला, राहायलाही आमच्याच गोडादरा वस्तीत. इथं माझ्या जिभेला खाज सुटली. म्हणालो, “भाऊसाहेब, आमच्या मामाला आपली अहिराणी येते. विचारून तर बघा!”

कारकून खूश झाला. “काय करी ऱ्हायना, मामा?”

मामा खुर्चीतून उठला. छातीवर हात, कमरेत वाक. “काम करस, भो!”

कारकुनानं हसून टाळीसाठी हात पुढे केला. मामाला चेव आला. टाळी देत तो आणखी मोठ्यानं म्हणाला, “मशीन बसाडस!”

कारकून हसता हसता थांबला. मामाचा हात अजून त्याच्या हातात होता. त्यानं नखांतलं ग्रीस पाहिलं, मग कागद पाहिला, मग मला. “पाटील,” तो हळूच म्हणाला, “साहेबांनी ऐकलं.”

देश सोडायची नोटीस आली. शेठनी माझ्याकडून पत्र लिहून घेतलं. सदर गृहस्थ केवळ चर्चेसाठी आले होते, मशीनला त्यांनी स्वतःहून हात लावला, कंपनीला याची कल्पना नव्हती. पत्रात शुद्धलेखनाची एक चूक नाही, आणि खाली सही माझी आहे. उरलेलं मशीन आमच्या माणसांनी मामाच्या खडूच्या खुणा बघून जोडलं. चालू झालं त्या दिवशी शेठनी पेढे वाटले. मीही खाल्ला. लाज वाटली, पण खाल्ला.

मामा गेला त्या दिवशी खात्यातून कुणाला सोडलं नाही. गेटवर मी एकटाच होतो. माफी मागायला इंग्रजीतली दोन वाक्यं पाठ करून आलो होतो. पासपोर्ट त्याच्या हातात होता, पण त्यानं या वेळी कागदाचं काही विचारलं नाही. निरोपाचा शब्द आम्ही त्याला शिकवलाच नव्हता. त्यानं छातीवर हात ठेवला, जरासा वाकला आणि म्हणाला, “काय करी ऱ्हायना, भो?”

उत्तर मला लहानपणापासून पाठ आहे. तो थोडा वेळ वाट बघत उभा राहिला आणि मग गाडीत बसला.