बाळंतिणीची मुशी

मुशीचा मणका कापायचा, भिंगाखाली धरून त्यावरची वलयं मोजायची आणि तिचं वय काढायचं, हे माझं काम. मुशी म्हणजे आपल्या किनाऱ्यावरचा लहान शार्क. ती सावकाश वाढते, उशिरा वयात येते. बाकीचे मासे लाखांनी अंडी घालतात, तिथे हिला मोजकीच पिल्लं होतात. म्हणून पिल्लं तरी मारू नका, असं मी बंदराबंदरांवर घसा फोडून सांगत आले.

आणि बाळंतपणाला माहेरी आले, तर आईनं माझ्यापुढे मुशीच्या पिल्लांचंच कालवण ठेवलं. बाळंतिणीला मुशी दिली की दूध येतं, ही आमच्याकडे काळ्या दगडावरची रेघ.

दूध येत नव्हतं, हे खरं होतं. पोरगी भुकेनं रडून लालबुंद व्हायची आणि तिच्याबरोबर मीही रडायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, सारखं पाजत राहा, येईल, धीर धरा. पण आई धीर धरू देईल तर ना!

"खा गो बाय. पोटातली हाय, लोण्यासारखी मऊ."

पोटातली! म्हणजे जन्मायच्या आधीच आईचं पोट फाडून काढलेली. त्या मणक्यावर मोजायला काय असणार, कपाळ? माझा नुसता संताप झाला. वय, वाढ, वलयं, सगळं व्याख्यान मी बाजेवर बसून दिलं. आईनं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कालवण थंड होतंय."

तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. ती भात आणायला वळली की मी वाटी खिडकीबाहेर बोक्यापुढे रिकामी करायची. बोका चांगलाच माजला.

मग एका सकाळी दूध आलं. पोरगी चपाचपा प्यायली आणि पहिल्यांदाच पोटभर झोपली. मला इतकं बरं वाटलं की मी ढसाढसा रडले. तेवढ्यात कुंपणापाशी आईचा आवाज. लेक गरोदर असलेल्या शेजारणीला ती सांगत होती. "मुशीनं काम केलान गो! तुझ्या लेकीला पण पोटातलीच घाल."

आता मात्र हद्द झाली. मी आतूनच ओरडले, "आई, मी खाल्लीच नाही! सगळी बोक्याला घातली!"

आई आत आली. तिनं झोपलेल्या पोरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वाटलं, आता तरी हिच्या डोक्यात प्रकाश पडेल.

"नुसती ताटात वाढली तर एवढं दूध आलं," ती म्हणाली. "खाल्लीस तर किती येईल गो!"

आणि पिशवी घेऊन ती मिरकरवाड्याच्या मासळीबाजाराला निघाली.